भारत-ब्रिटनमधले पुरुष प्राध्यापक मोजताना मी कुठे अडले

लघुप्रबंधाचा विषय मंजूर झाला तेव्हा वाटलं होतं, दोन्ही देशांतल्या पुरुष शिक्षकांचे दोन आकडे मिळवायचे, भागाकार करायचा, चार तक्ते काढायचे, महिन्याभरात प्रकरण हातावेगळं. तेच प्रकरण तोंडी परीक्षेच्या पंधरा दिवस आधी मुळापासून लिहावं लागलं. ते दिवस आठवले की अजून पोटात गोळा येतो. असाच विषय घेणाऱ्यांसाठी हे लिहितेय.

भारताची बाजू एआयएसएचईची, म्हणजे केंद्र सरकारच्या उच्च शिक्षण सर्वेक्षणाची. 2021-22 च्या अहवालात (तो आला थेट जानेवारी 2024 मध्ये, म्हणून ब्रिटनचंही 2021-22 हेच वर्ष घ्या) उच्च शिक्षणातले शिक्षक सुमारे 15 लाख 98 हजार, त्यात पुरुष 56.6 टक्के. म्हणजे नऊ लाखांच्या थोडं वर. ब्रिटनची बाजू हेसाची, म्हणजे तिथल्या उच्च शिक्षणाची आकडेवारी गोळा करणाऱ्या संस्थेची. तिथे त्या वर्षी अकॅडेमिक स्टाफ 2 लाख 34 हजारांच्या आसपास, पुरुष निम्म्याहून किंचित जास्त. मी लिहून मोकळी झाले: भारतात विद्यापीठीय पुरुष शिक्षक ब्रिटनच्या सातपटीहून जास्त.

भागाकार बरोबर होता, वाक्य साफ चूक होतं.

आपले ते सोळा लाख निव्वळ विद्यापीठांतले नाहीत. 1,168 विद्यापीठांबरोबर 45 हजारांवर महाविद्यालयं आणि 12 हजार स्वतंत्र संस्था त्या नोंदणीत आहेत. पॉलिटेक्निक, नर्सिंग, प्राथमिक शिक्षक घडवणाऱ्या डीएलएडवाल्यासुद्धा. तालुक्याच्या गावी बीकॉमला शिकवणारे सर त्यात आहेत, आणि असायलाच हवेत. पण ब्रिटनमधली आपल्या पॉलिटेक्निकच्या जवळ जाणारी, शाळेनंतरचं व्यावसायिक शिक्षण देणारी फर्दर एज्युकेशन कॉलेजं हेसाच्या आकड्यात बहुतांशी नाहीतच. मग समोरासमोर उभं कोणाला केलं? उलट, हेसाच्या अकॅडेमिक स्टाफमध्ये केवळ संशोधनाच्या करारावरचे लोक धरलेले असतात, साधारण पाचवा हिस्सा. त्यांचा करारच शिकवण्याचा नाही. शिक्षक मोजायचे तर ‘टीचिंग ओन्ली’ आणि ‘टीचिंग अँड रिसर्च’ एवढेच गट घ्या. अगदी थोड्या दिवसांच्या, सुट्या कामाच्या करारावरचे ‘एटिपिकल’ लोक हेसा मुख्य आकड्याबाहेर ठेवते. आपल्याकडचे तासिका तत्त्वावरचे आठवले ना? दोन्हीकडे असे लोक कुठे धरलेत हे व्याख्यांच्या पानावर वाचल्याशिवाय एक ओळही लिहू नका. मी तक्ता आधी उतरवला, व्याख्या तीन महिन्यांनी वाचल्या. सगळं तिथेच बिघडलं.

आणि एकूण संख्येतून स्त्रिया वजा करून पुरुष काढू नका. हेसात ‘इतर’ असाही गट आहे. आकडा छोटा असतो, पण बाहेरून आलेल्या परीक्षकांनी पहिला प्रश्न त्यावरच विचारला.

सीनिअरची तयार एक्सेल शीट मागू नका, हे माझं ठाम मत. जागतिक बँकेचा तक्ता दोन्ही देश एका रांगेत देतो म्हणून मोह होतो, पण त्यात टर्शरी म्हणजे शाळेनंतरचं सगळंच शिक्षण, पदवीखालचे अभ्यासक्रमही आले. माझे मार्गदर्शक म्हणायचे, टक्केवारी टाक, पुढे चल. जो मार्गदर्शक ‘हे मोजलं कोणी?’ असं विचारून छळतो, त्याच्याकडेच जा. मला असं छळणारं कोणी भेटलं नाही, याचं वाईट आजही वाटतं.

पण घाबरू नका, विषय सोडण्यासारखा नाही. मी शेवटी संख्या बाजूला ठेवून पुरुषांचा वाटा घेतला, आणि चित्र बोलायला लागलं. ब्रिटनमध्ये एकूण पुरुष निम्म्याच्या आसपास, पण प्रोफेसर या सर्वांत वरच्या पदावर जवळपास 70 टक्के. भारतात 2014-15 मध्ये शंभर पुरुष शिक्षकांमागे 63 स्त्रिया होत्या, 2021-22 मध्ये 77. पदनिहाय तक्ते दोन्हीकडे आहेत. तुमचं प्रकरण तिथून सुरू करा.

हेसाच्या रकान्यांची बेरीज एकूण आकड्याशी जुळत नसेल तर रडत बसू नका. मी दोन रात्री जागले. ते प्रत्येक आकडा पाचाच्या पटीत पूर्ण करून देतात, तेवढाच फरक आहे.