पाच घाट, आठ दिवस: निघण्याआधीची तयारी

सह्याद्रीतली निवांत गाडीसफर बिघडते ती बहुतेक वेळा गाडीमुळे नव्हे, घरी बसून केलेल्या आखणीमुळे. नकाशावर शंभर किलोमीटर दिसतात, आपण दोन तास धरतो आणि तिसऱ्या तासाला घाटाच्या मधोमध घड्याळाकडे बघत गाडी दामटायला लागतो. म्हणून तयारीची सुरुवात गॅरेजमध्ये नको, कागदावर करा. घाटात तासाला पंचवीस-तीस किलोमीटरच्या वर हिशेब धरू नका आणि एका दिवसात एकच मोठा घाट ठेवा. बाकी सगळी तयारी या एका नियमाच्या आधाराने सोपी होते.

उदाहरणादाखल मला सर्वांत आवडणारा रस्ता सांगतो. पुण्याहून वाई, पसरणीचा घाट चढून पाचगणी, महाबळेश्वरला मुक्काम. दुसऱ्या दिवशी वाटेत प्रतापगड बघून आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरायचं आणि चिपळूण गाठायचं. कशेडी घाटात आता बोगदा झाल्यामुळे हा टप्पा पूर्वीइतका दमवत नाही. तिसऱ्या दिवशी कुंभार्ली घाट चढून कोयनानगर. चौथ्या दिवशी पाटण-कऱ्हाडमार्गे कोल्हापूर. पाचव्या दिवशी राधानगरी, दाजीपूर आणि फोंडाघाट उतरून कणकवलीवरून सावंतवाडी. सहाव्या दिवशी गाडीला हात लावायचा नाही. मोती तलावाकाठी फिरा, लाकडी खेळण्यांची दुकानं बघा, राजवाड्यात गंजिफा, म्हणजे जुन्या पद्धतीचे गोल पत्ते, रंगवताना बघा. सातव्या दिवशी आंबोली घाट चढून तिथेच राहायचं आणि आठव्या दिवशी आजरा-निपाणीवरून हमरस्त्याने घरी. तीन घाट चढणीचे, दोन उतरणीचे. महामार्गावरचे लहानमोठे घाट यात मोजलेले नाहीत.

आठ दिवस नसतील तर यातला एक तुकडा तोडून घ्या, पण आठ दिवसांचा रस्ता पाच दिवसांत कोंबू नका.

महिना ठरवताना थोडं थांबून विचार करावा. भर पावसात सह्याद्री देखणा असतो हे खरं, पण दरडी तेव्हाच येतात. जुलै २०२१ च्या पावसात महाबळेश्वर-पोलादपूर परिसरात दरडी कोसळून काय झालं हे ज्यांनी पाहिलंय ते जुलै-ऑगस्टमध्ये आंबेनळीचं नाव काढणार नाहीत. दाजीपूरचं अभयारण्यही पावसाळ्यात पर्यटकांसाठी बंद असतं. मला नोव्हेंबरचा उत्तरार्ध ते फेब्रुवारी हा काळ योग्य वाटतो. रस्त्यांची डागडुजी झालेली असते, हवा स्वच्छ असते आणि डोंगरावर अजून थोडा हिरवा रंग शिल्लक असतो. मात्र निघण्याच्या आदल्या आठवड्यात प्रत्येक घाट चालू आहे का, याची चौकशी करा. रुंदीकरणाच्या कामासाठी घाट महिनोन् महिने बंद राहतात. गगनबावड्याच्या करूळ घाटाच्या बाबतीत हे घडलेलं आहे. नकाशाच्या अ‍ॅपवर विसंबू नका. मुक्कामाच्या हॉटेलात फोन करून विचारलंत तर खरी परिस्थिती कळते. निघायचा वार सोमवार किंवा मंगळवार ठेवा. शनिवार-रविवारी आणि नाताळच्या सुट्टीत पसरणी घाटात रांगेत उभं राहण्यात काही मजा नाही.

या मोसमाची एक अडचण मात्र आहे, ती म्हणजे ऊस. दिवाळीच्या आसपास गळीत हंगाम सुरू झाला की सातारा-कोल्हापूरच्या रस्त्यांवर दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर दिवसरात्र चालतात. बऱ्याच ट्रॉल्यांना मागचा दिवा नसतो, रिफ्लेक्टर असलाच तर धुळीने झाकलेला. कऱ्हाड-कोल्हापूर आणि राधानगरी पट्ट्यात अंधार पडायच्या आत मुक्कामी पोचायचं, हे आधीच ठरवून टाका. दाजीपूर आणि आंबोली भागात अंधारात गवेही रस्त्यावर येतात. काळं जनावर काळोखात दिसत नाही आणि त्याचं वजन आपल्या गाडीला पेलणारं नसतं.

दिवसाची वेळही आखणीत लिहून ठेवा. पसरणी चढताना आपण पश्चिमेकडे जातो, म्हणून तो दुपारच्या आत उरकावा. आंबेनळी आणि फोंडा पश्चिमेला उतरतात. संध्याकाळी निघालात तर मावळतं ऊन थेट काचेवर येतं आणि वळणावर समोरचं काही दिसत नाही. हे दोन्ही घाट सकाळी उतरायचे. कुंभार्ली आणि आंबोली पूर्वेकडे चढतात, तिथे उलट सकाळी घाई न करता नऊ-दहाला निघालेलं बरं. आंबोलीत तर तोवर सकाळचं धुकंही निवळलेलं असतं.

आता गाडी. आठ-दहा दिवस आधी नेहमीच्या मेकॅनिककडे न्या आणि ‘सर्व्हिसिंग करा’ एवढंच सांगून परत येऊ नका. घाटात जाणार आहे हे सांगा आणि ब्रेक उघडून बघायला लावा. ब्रेक पॅड किती उरलेत हे बघा, आणि ब्रेक ऑइल दोन वर्षांत बदललं नसेल तर बदलून घ्या. हे तेल हवेतलं पाणी शोषतं. उतारावर ब्रेक तापले की त्या पाण्याची वाफ होते आणि पेडल दाबलं तरी पाय पोकळीत गेल्यासारखा वाटतो. क्लच जुना असेल तर तोही दाखवा. चढावर अर्धा क्लच दाबून गाडी रेंगाळत नेली की जळका वास यायला वेळ लागत नाही. कूलंट, वायपर, धुक्याचे दिवे आणि मागचे लाल दिवे तपासा. टायरच्या नक्षीची खोली १.६ मिलिमीटर ही कायद्याची शेवटची मर्यादा आहे; तिथवर आलेला टायर घाटात नेऊच नये. स्टेपनीतली हवा तपासा, जॅक आणि पाना जागेवर आहे का ते डोळ्यांनी बघा आणि घराखालीच एकदा चाक खोलून परत बसवा. ज्यांना हे घाटात पहिल्यांदा करावं लागतं त्यांचा दिवस तिथेच संपतो.

कागदपत्रं मोबाइलमध्ये उतरवून ठेवा, विमा आणि पीयूसीची मुदत बघा, फास्टॅगमध्ये पैसे भरा. पेट्रोल घाट लागण्याआधी भरायचं: वाई, चिपळूण, कोल्हापूर, सावंतवाडी. सीएनजीवर चालणारी गाडी असली तरी पेट्रोलची टाकी भरलेली हवी. सगळ्या टप्प्यांचे नकाशे ऑफलाइन उतरवा. घाटात मोबाइलची रेंज मधूनमधून जाते. ११२ आणि रुग्णवाहिकेचा १०८ कागदावर लिहून गाडीत चिकटवा आणि रोजच्या मुक्कामाची नावं घरी कोणाकडे तरी देऊन ठेवा.

चालवणाऱ्यालाही तयारी लागते. ज्या गिअरात चढ चढतो त्याच गिअरात तो उतरायचा, हा जुन्या ड्रायव्हरांचा नियम मनात पक्का करा. वेग इंजिनाने रोखायचा, ब्रेक फक्त वळणाआधी. ऑटोमॅटिक गाडी असेल तर तिच्यात खालचा गिअर कसा धरून ठेवायचा हे घरी असतानाच शिकून घ्या; अनेकांना आपल्या गाडीत ती सोय आहे हेच माहीत नसतं. उतारावर न्यूट्रल करून पेट्रोल वाचवायचा विचार कोणी सुचवला तर स्पष्ट नाही म्हणा. इंजिन बंद केलं तर ब्रेकची आणि स्टिअरिंगची मदतही जाते. अरुंद जागी चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, हा शिष्टाचार आहे आणि नियमही. आंधळ्या वळणावर हॉर्न द्या. समोरून एसटी आली तर तिला पूर्ण वळण घेऊ द्या, तिला तेवढी जागा लागतेच. मागे कोणी घाईत असेल तर रुंद जागा बघून त्याला पुढे सोडा. निवांत फिरायला निघालेल्या माणसाला हे सहज जमतं, आणि त्याचं दडपणही उतरतं.

गाडी लागणाऱ्यांची सोय आदल्या रात्रीपासून करावी. सकाळी रिकामं पोट नको आणि तेलकट नाश्ताही नको. दोन पोळ्या किंवा उपमा पुरतो. ज्याला गाडी लागते त्याला पुढे बसवा, मोबाइल बाजूला ठेवायला लावा, काच थोडी उघडी राहू द्या. आलेपाक आणि आवळा सुपारी हाताशी हवी. औषध घ्यायचं असेल तर डॉक्टरांना विचारून, निघण्याआधी अर्धा-एक तास. चालवणाऱ्याने मात्र झोप आणणारी गोळी घेऊ नये. कागदी पिशव्या, पाण्याच्या बाटल्या, एक जुना टॉवेल डिकीत नको, सीटमागे ठेवा. खाणं उघड्यावर ठेवू नका, कारण घाटातली माकडं काचेच्या फटीतूनही हात घालतात. त्यांना खायला घालू नका; त्यामुळे ती रस्त्यावर येऊन बसतात आणि गाड्यांखाली मरतात.

थांबायच्या जागा आधीच नोंदवून ठेवल्या तर वळणावर गाडी लावून फोटो काढायचा मोह होत नाही. कुंभार्लीच्या पायथ्याशी पोफळीला जरूर थांबा. कोयना धरणाची साठवण १०५ टीएमसी (अब्ज घनफूट), आणि वीज करण्यासाठी त्यातलं पाणी डोंगराच्या पोटातल्या बोगद्यांतून पश्चिमेकडे सोडतात; पूर्वेला वाहणाऱ्या नदीचं ते पाणी शेवटी चिपळूणच्या वाशिष्ठीत जातं. आपण घाट चढत असतो तेव्हा ते पाणी आतून उतरत असतं, हे मुलांना तिथेच उभं राहून सांगायला हवं. आंबोलीत हिरण्यकेशीच्या उगमाला अर्धा दिवस राखून ठेवा.

डिकीचा एक कोपरा रिकामा सोडा. स्ट्रॉबेरी पहिल्या मुक्कामी खाऊन संपवायची, पुढे आठवडाभर टिकत नाही. नेण्यासारखा माल शेवटच्या तीन दिवसांत मिळतो: सावंतवाडीची खेळणी आणि आजऱ्याचा घनसाळ तांदूळ. पाच किलो तरी घ्या, शेजारी मागतातच.