हक्कांच्या जाहीरनाम्यांवर लिहिताना या चुका टाळा

स्पर्धा परीक्षेचं उत्तर असो की २६ जानेवारीचं भाषण, मॅग्ना कार्टापासून आपल्या राज्यघटनेपर्यंत एक सरळ रेघ ओढली जाते: १२१५, १६८९, १७८९, १९५०. मग गाडी अडते, कारण या कागदांचं एकमेकांशी जुळत नाही. उत्तर असं अडलं की प्रत्येक जाहीरनाम्याला दोन प्रश्न विचारा. यानं हात कोणाचे बांधले? आणि तो मोडला तर दाद कुठे मागायची?

मॅग्ना कार्टाला जनतेची सनद म्हणू नका. १५ जून १२१५ रोजी रनीमीडच्या कुरणावर इंग्लंडच्या राजा जॉननं ती मान्य केली ती बंडखोर सरदारांच्या दडपणाखाली, आणि त्याच ऑगस्टमध्ये पोप तिसरा इनोसंट यानं ती रद्दही केली. ती टिकली १२१६, १२१७ आणि १२२५ मध्ये नव्यानं जारी झाली म्हणून. तिच्या ३९व्या कलमातलं बेकायदा अटकेपासूनचं संरक्षण ‘मुक्त’ माणसाला होतं. जमीनदाराच्या शेताला बांधलेला भूदास त्यात येत नव्हता.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो १६८९चा इंग्लंडचा हक्कांचा कायदा आणि १७९१च्या अमेरिकी घटनादुरुस्त्या यांच्यात. इंग्लंडच्या कायद्यानं राजाला आवरलं: संसदेच्या संमतीशिवाय कर नाही, तिच्या संमतीशिवाय शांततेच्या काळात खडं सैन्य नाही, संसदेतल्या भाषणाबद्दल कोर्टात जाब नाही. संसदेला मात्र त्यानं मोकळंच सोडलं. अमेरिकेच्या पहिल्या दुरुस्तीचा रोख उलट कायदेमंडळावरच आहे. काँग्रेसनं अमुक कायदा करायचाच नाही, अशी तिची सुरुवात. आपल्या घटनेत या दोन्ही परंपरा शेजारी शेजारी नांदतात. कलम १०५ मधलं खासदारांचं भाषणस्वातंत्र्य पहिल्या परंपरेतलं, तर मूलभूत हक्कांशी विसंगत कायदे रद्दबातल ठरवणारं कलम १३ दुसऱ्या परंपरेतलं. एवढं लक्षात ठेवलं तरी निम्मं उत्तर सुधारतं.

अमेरिकेबद्दल लिहिताना आणखी एक खाचखळगा सांभाळा. १७८७च्या मूळ घटनेत हक्कांची यादी नव्हती. नंतर आली तीही फक्त संघराज्य सरकारपुरती. राज्यांना ती लागू नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं १८३३ मध्ये बाल्टिमोर शहराविरुद्धच्या खटल्यात सांगितलं. चित्र बदलू लागलं ते राज्यांवर बंधन घालणाऱ्या १८६८च्या चौदाव्या दुरुस्तीनंतर, तेही सावकाश.

‘फ्रान्सनं अमेरिकेच्या हक्कयादीची नक्कल केली’ हे वाक्य तर खोडूनच टाका. फ्रेंच जाहीरनामा २६ ऑगस्ट १७८९चा. अमेरिकी काँग्रेसनं दुरुस्त्या मंजूर केल्या त्यानंतर महिन्याभरानं, २५ सप्टेंबरला (राज्यांची मंजुरी मिळून त्या लागू झाल्या १७९१ मध्ये). नातं शोधायचंच तर मागे, अमेरिकेतल्या व्हर्जिनियाच्या जून १७७६च्या जाहीरनाम्यात शोधा. शिवाय फ्रेंच सरदार लाफाएतनं जाहीरनाम्याचा आपला मसुदा तयार करताना पॅरिसमध्येच असलेल्या अमेरिकेच्या राजदूताचा, जेफरसनचा, सल्ला घेतला होता.

जाहीरनामा निघाला म्हणजे हक्क सर्वांना मिळाले, असंही धरून चालू नका. फ्रान्सच्या १७९१च्या घटनेत मताधिकार किमान तीन दिवसांच्या मजुरीइतका कर भरणाऱ्या पुरुषांपुरता होता. वसाहतींतली गुलामगिरी १७९४ मध्ये रद्द झाली आणि १८०२ मध्ये नेपोलियननं ती पुन्हा आणली. फ्रेंच लेखिका ऑलिंप द गूजनं १७९१ मध्ये स्त्रियांच्या हक्कांचा जाहीरनामा लिहिला. १७९३ मध्ये तिला गिलोटिनवर चढवलं, पण त्या जाहीरनाम्यापायी नव्हे (इथे भलेभले चुकतात). राज्यपद्धती कोणती हवी हे लोकांनी मतदानानं ठरवावं, अशा आशयाच्या भित्तिपत्रकावरून तिच्यावर खटला चालला.

आता दाद मागण्याचा प्रश्न. १७८९च्या जाहीरनाम्याचं १६वं कलम म्हणतं की जिथे हक्कांची हमी नाही आणि सत्तेची विभागणी नाही, त्या समाजाला घटनाच नाही. पण हाच जाहीरनामा कसोटी म्हणून लावून फ्रान्सच्या घटना परिषदेनं कायदे तपासायला सुरुवात केली ती १९७० च्या दशकात. आधीपासून लागू असलेल्या कायद्याला खटल्यातल्या पक्षकारानं त्याच्या आधारे आव्हान देण्याची सोय तर २०१० मध्ये झाली. मूलभूत हक्कांसाठी थेट सर्वोच्च न्यायालयात दाद मागू देणारं आपलं कलम ३२ तोवर साठ वर्षांचं झालं होतं.