सायकोसिसची सुरुवात असताना तरुण मुलांना ट्रीटमेंटमध्ये टिकवायचं कसं

"आधी मान्य कर की तुला आजार झालाय" इथून सुरुवात करूच नका. सायकोसिस म्हणजे खरं काय आणि भास काय हा फरकच कळेनासा होतो. आवाज ऐकू येतात, कोणीतरी पाळत ठेवतंय, हे त्या मुलासाठी शंभर टक्के खरं असतं, आणि आपल्याला काही झालंय हेच न कळणं हा बऱ्याचदा आजाराचाच भाग असतो, तो हट्ट नव्हे. वाद घातलात की तो गप्प बसणार आणि पुढच्या वेळी येणारच नाही.

मग बोलायचं कशावर? त्याला स्वतःला ज्याचा त्रास होतोय त्यावर. मला एक 19 वर्षांचा मुलगा आठवतो, हूडी डोळ्यांपर्यंत ओढलेली, आईने आवाजांचा विषय काढला की हा खुर्ची दाराकडे सरकवायचा. मी फक्त विचारलं, झोप लागते का रे रात्री? तर म्हणाला, "कशी लागणार, ते बोलतच असतात ना." त्या दिवशी आम्ही झोपेवरच बोललो, बाकी काही नाही, आणि पुढच्या आठवड्यात तो आपणहून आला.

पण हळू बोलायचं म्हणजे उशीर करायचा असं नाही हं. अमेरिकेत रेझ नावाचा 404 जणांचा अभ्यास झाला, 2015 मध्ये निष्कर्ष आले, त्यात निम्म्या लोकांना लक्षणं सुरू झाल्यापासून ट्रीटमेंट मिळेपर्यंत 74 आठवडे किंवा जास्त गेले होते, आणि औषध, समुपदेशन, घरच्यांना मार्गदर्शन, शिक्षण-नोकरीला मदत हे सगळं एकाच टीमकडून मिळाल्याचा फायदा लवकर आलेल्यांना जास्त झाला. म्हणून फोन आला की शक्यतो त्याच आठवड्यात भेटा, आणि दवाखान्यात यायला तयार नसेल तर तो म्हणेल तिथे भेटा.

गोळ्यांबद्दल खरं सांगा. पहिल्या एपिसोडला बहुतेकदा कमी डोस पुरतो, पण वजन वाढतं, दिवसभर पेंग येते, कधी पाय स्वस्थ राहत नाहीत इतकी बेचैनी होते, सेक्सच्या तक्रारी येतात ज्या मुलं स्वतःहून कधीच बोलत नाहीत, त्या तुम्हीच विचारा. डोस बदलता येतो, औषध बदलता येतं, हे पहिल्याच दिवशी सांगा. गोळी बंद केली तर ते तुम्हाला सांगायची त्याला भीती वाटता कामा नये. गांजाचंही तसंच, त्याने आजार बिघडतो हे स्पष्ट सांगा पण "आधी सोड, मग ये" ही अट घालू नका, घातलीत तर तो गांजा लपवेल आणि यायचंही बंद करेल.

"बरा हो, मग कॉलेजचं बघू" हे मला अजिबात पटत नाही. कॉलेज, नोकरी, मित्र यासाठीच तर त्याला बरं व्हायचंय, ते काम ट्रीटमेंटसोबतच सुरू करा.

घरचे हवेतच, पण थोडा वेळ त्याच्याशी एकट्याशी बोला आणि घरी काय सांगायचं ते त्याच्यासोबत ठरवा. जिवाला धोका असेल, म्हणजे आवाज स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा कर म्हणत असतील, तर मात्र गुप्तता राहणार नाही, लगेच इमर्जन्सीत न्यावं लागेल, हे आधीच सांगून ठेवा.

आणि अपॉइंटमेंट चुकवली तर फाइल बंद करू नका, साधा मेसेज टाका, "आज भेट झाली नाही, गुरुवारी चालेल का? नाही जमलं तर फोनवर बोलू." उत्तर आलं नाही तर चार दिवसांनी परत टाका.