तोडीनंतर कोकणातल्या रानाचा तळ कसा सावरावा

मालकीचं रान जळाऊ लाकडासाठी तुटलं की मालक लगेच रोपं आणायला निघतो. घाई नको. ऐन, किंजळ, कुंभ्याचे बुंधे पहिल्याच पावसात फुटतात. शेवळ, रानहळद, फोडशी यांचे कंद-मुळं मातीत शाबूत असतात. रानाचा तळ, म्हणजे झाडांखालची झुडपं-रोपं, भरतो तो या साठ्यातून, त्यामुळे जमीन उकरायची नाही हे पहिलं.

जेसीबी आत घालू नका. ट्रकला एकच वाट द्या. चाकांनी दाबलेल्या मातीत पाणी मुरत नाही आणि तिथे टाकळाच माजतो. कोळशाची भट्टी लावायचीच तर एका जागी, कारण तिच्याखालचे कंद नि बी भाजून जातं. बारीक फांद्या न जाळता मे अखेरीआधी उतारावर आडव्या, गुडघाभर उंच ओळींत रचा. बुंध्यापासून हातभर दूर, नाहीतर फुटवे दबतात. पुढच्या जानेवारीत कडेने 3 मीटरची जाळरेषा, म्हणजे वणवा आत येऊ नये म्हणूनचा मोकळा पट्टा, साफ करा. दोन-तीन पावसाळे शेळ्या बाहेर.

खरं काम रानमोडी हे झपाट्याने पसरणारं तण काढण्याचं. ऊन मिळालं की ती आधी येते, हिवाळ्यात फुलते आणि बी वाऱ्यावर जातं. ऑगस्ट-सप्टेंबरात माती ओली असताना मुळासकट उपटा. कोयत्याने छाटलीत तर दुप्पट फुटेल. घाणेरीचं सोटमूळ जमिनीखाली 3 ते 5 सेंटिमीटरवर तोडा आणि झुडूप उलटं ठेवा. तीव्र उतारावर मात्र पट्ट्यापट्ट्याने काढा, एकदम उघडं केलं तर माती वाहून जाते.

दुसऱ्या वर्षी प्रत्येक बुंध्यावर दोन-तीन जोमदार फुटवे ठेवा. सावली लवकर धरते, रानमोडीही आपोआप हटते.

सावरतंय का, हे नजरेने कळत नाही. 1 बाय 1 मीटरचे दहा चौकोन तुटल्या भागात आणि दहा शेजारच्या न तुटलेल्या रानात किंवा देवराईत खुंट्या ठोकून कायम करा. जूनमध्ये आणि सप्टेंबरअखेरीस, दोनदा मोजा. उशिरा एकदाच गेलात तर शेवळ सुकून गेलेलं असतं, नोंदीतून सुटतं. सुरुवातीला प्रजातींची संख्या वाढलेली दिसेल. हुरळू नका, ती बहुधा उन्हातल्या गवत-तणांची असते. सावलीतल्या वनस्पतींचा रकाना वेगळा ठेवा. नेचे आणि सदाहरित झाडांची रोपं सर्वात शेवटी येतात.

तिसऱ्या पावसानंतरही जो तुकडा उघडाच राहील, तेवढ्यातच लावणी करा, तीही त्याच रानातल्या कंदांची आणि बियांची.