थंडीतल्या मुक्कामाचं सामान: पैसे आधी पाठीखाली घाला

परभणीत वसमत रोडला माझं शिवणकामाचं दुकान आहे. ब्लाउज, पडदे, गोधड्या हे रोजचं काम. दिवाळी झाली की त्यात सॅकचे तुटलेले बंद, स्लीपिंग बॅगच्या बिघडलेल्या चेन आणि टेंटचं फाटलेलं कापड येऊन पडतं. मी स्वतः डोंगरात जाते हे पोरापोरींना माहीत असतं, म्हणून काम हातात असेपर्यंत गप्पा सामानाच्याच चालतात. बहुतेकांचा पहिला प्रश्न "काकू, टेंट कोणता घेऊ?" असा असतो. मी म्हणते, टेंटचं शेवटी बघू, खाली अंथरायला काय आहे ते आधी सांग.

त्याआधी जायचं कुठे ते पक्कं करा. आपल्याकडची थंडी कोरडी. डिसेंबर-जानेवारीत परभणीत दुपारी 28 अंशांपर्यंत ऊन लागतं आणि पहाटे पारा एक आकडी होतो, कधी 5-6 अंशांवर उतरतो. गौताळ्याच्या पठारावर, म्हैसमाळला किंवा स्वतःच्या रानात झोपायचं तर एवढ्या फरकाची तयारी हवी. (गौताळा अभयारण्य आहे. तिथे रात्री थांबायला वनखात्याची परवानगी लागते आणि जाळ करता येत नाही.) उंची वाढेल तसा दर हजार मीटरला पारा साधारण साडेसहा अंशांनी उतरतो. पण रात्रीचं गणित थोडं वेगळं असतं. थंड हवा जड, ती उतारावरून घरंगळून खोलगट भागात साचते. म्हणून तळ्याकाठची किंवा ओढ्यातली जागा कितीही देखणी असली तरी पहाटे तीच सगळ्यात गार असते आणि दंवही तिथेच जास्त पडतं. थोडं वर, वाऱ्याला आडोसा असेल अशा जागी झोपा. यात पैसा लागत नाही आणि दोन-तीन अंशांचा फायदा होतो.

नांदेडहून निघणाऱ्या सचखंड एक्सप्रेसने दिल्ली, तिथून डेहराडून आणि पुढे सांक्री गावी जाऊन केदारकंठाचं शिखर करायचं ठरवलं असेल, तर ते प्रकरण वेगळं. केदारकंठा 12,500 फुटांवर आहे, बर्फात मुक्काम असतो आणि रात्री पारा उणे 10 पर्यंत जाऊ शकतो. एका हिमालयासाठी उणे 10 ची बॅग विकत घेऊन तीच गौताळ्यात वापरायची म्हणाल तर माझा विरोध आहे. त्या बॅगेत इथे रात्रभर घाम येईल आणि पहाटे त्याच ओलीत थंडी वाजेल. जड बॅग, बुटाला लावायचे काटे, बर्फ आत जाऊ नये म्हणून पायाला बांधायचे गेटर हे सगळं सांक्रीत भाड्याने मिळतं. बूट, मोजे, अंगालगतचे कपडे आणि मॅट मात्र स्वतःचीच असू द्या.

आता मॅट. झोपल्यावर अंगाखालची बॅग दबते. आतल्या पिसांत किंवा तंतूंत अडकलेली हवाच ऊब धरत असते. ती दाबली गेली की खालून जमीन अंगातली ऊब ओढून घेते, मग वर कितीही पांघरा. येळवशीला, म्हणजे वेळा अमावास्येला, लातूर-धाराशिवकडे रानात ज्वारीच्या कडब्याची कोप करतात. तिच्यात शिरून बसा, बाहेरपेक्षा ऊब लगेच जाणवते. कडब्याच्या ताटांतल्या भुसभुशीत गाभ्यात आणि ताटांच्या मधे हवा कोंडलेली असते, म्हणून. शेतात मुक्काम असेल तर चार बोटं कडबा पसरून त्यावर ताडपत्री आणि वाकळ, एवढं अंथरूण पुरतं.

पाठीवर नेण्यासाठी मॅट घेताना तिची आर-व्हॅल्यू बघा. उष्णता किती अडवली जाते त्याचा हा आकडा, जितका मोठा तितकी मॅट उबदार. घडीच्या चांगल्या फोम मॅटचा आकडा साधारण 2 असतो, योगासनाच्या पातळ मॅटचा त्याहून बराच कमी. आपल्याकडच्या थंडीला 2 पुरतो. बर्फावर 4-5 तरी हवा. दोन मॅट एकावर एक टाकल्या तर आकड्यांची सरळ बेरीज होते, म्हणून 2 ची फोम मॅट खाली आणि 3 ची हवा भरायची वर, ही माझी आवडती जोडी. काट्याने वरची फुटली तरी खालची असतेच, आणि आपल्याकडे बाभळीचे काटे पावलोपावली आहेत. पैसे कमी असतील तर हार्डवेअरच्या किंवा पॅकिंगच्या दुकानात पांढरा फोम मीटरवर मिळतो. दोन थर करून कडेला पट्टी शिवली की दोन-तीन हंगाम सहज जातात.

स्लीपिंग बॅगवर तपमानाचे तीन आकडे असतात आणि फसगत तिथेच होते. कम्फर्ट म्हणजे बाईमाणूस आरामात झोपू शकेल ते तपमान. लिमिट म्हणजे पुरुष अंग आखडून कशीबशी रात्र काढेल ते. एक्स्ट्रीम म्हणजे जीव वाचेल एवढंच, झोपेचं नाव नाही. दुकानात किंवा जाहिरातीत ठळक छापलेला आकडा अनेकदा शेवटचाच असतो. तुम्ही कम्फर्टचा आकडा शोधा, तो जिथे जाणार तिथल्या पहाटेच्या पाऱ्याइतका किंवा त्याहून खाली असू द्या. पोरींनी यात तडजोड करूच नये. आयएसओ 23537 या मानकाचा उल्लेख असेल तर आकडे चाचणी करून काढलेले असतात. मानकाचं नाव नसेल तर त्या आकड्यावर विसंबू नका.

बॅग उजेडात उलटी धरा आणि शिवण बघा, हे माझ्या धंद्यातलं सांगते. आतला आणि बाहेरचा कपडा सरळ एकमेकांना टाचलेला असेल तर गोधडीसारखं त्या टाक्याच्या रेषेत भरणच उरत नाही आणि थंडी त्याच रेषेतून शिरते. आपल्याकडच्या रात्रींना ही शिवण चालते, बर्फात नाही. महागड्या बॅगेत दोन कपड्यांच्या मधे आडव्या पट्ट्या शिवून कप्पे केलेले असतात, त्यामुळे भरण सगळीकडे सारखं राहतं. मग चेन पूर्ण उघडून, बंद करून, पुन्हा उघडा, तेही एका हाताने आणि आत झोपून. चेनच्या मागे भरण असलेली जाड पट्टी आहे का बघा, नसेल तर सगळा वारा तिथून येतो. रनर अस्तरात अडकत असेल तर ती बॅग ठेवून द्या. माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या बॅगांमध्ये अस्तर चावलेल्या चेनच सगळ्यात जास्त असतात.

पिसांची बॅग हलकी आणि छोटी होते, पण भिजली की पिसांचा गोळा होतो आणि ऊब जाते. कृत्रिम भरणाची बॅग जड असते, ओली झाली तरी थोडीफार ऊब धरते, धुवायला सोपी आणि स्वस्तही. पहिली बॅग कृत्रिम भरणाचीच घ्या. घोंगडीबद्दल मला फार जिव्हाळा आहे. दमट झाली तरी ऊब देते, शेकोटीची ठिणगी पडली तरी झटकन पेटत नाही. रानात, मळ्यात तिच्यासारखं पांघरूण नाही. पण ती दोन-तीन किलोंची, पाठीवर घेऊन गड चढायचा तर ती घरीच राहू द्या.

कपड्यांत सुती बनियन आणि जीन्स नकोत. चढताना घाम येतो, सूत तो धरून ठेवतं आणि थांबलात की अंग गारठतं. अंगालगत खेळाचा पॉलिएस्टरचा टी-शर्ट, त्यावर लोकर किंवा फ्लीस, सगळ्यात वर वारा अडवणारं विंडचीटर. चढायला लागण्याआधी एक थर काढून ठेवा, सुरुवातीला थोडी थंडी वाजली पाहिजे. हिवाळ्यात शहरात तिबेटी स्वेटरवाले बसतात, त्यांच्याकडे चांगला माल मिळतो, पण लोकर की अॅक्रिलिक ते तपासा. विचारून आतल्या शिवणीतला एक धागा ओढून घ्या आणि बाजूला काडीवर धरा. लोकर सावकाश जळते, केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटांत चुरडते. अॅक्रिलिक वितळतं आणि टोकाला कडक काळा मणी होतो. झोपताना घालायचे मोजे आणि कानटोपी वेगळ्या पिशवीत कोरडी ठेवा आणि दिवसा त्यांना हात लावू नका. जाड मोज्यांवर बूट घट्ट होत असतील तर अर्धा नंबर मोठे घ्या. पाय आवळला की रक्त पोचत नाही, मग मोजा कितीही चांगला असून उपयोग नाही.

आता टेंट. तो वारा आणि दंव अडवतो, ऊब फारशी देत नाही. दोन कापडांचा घ्या आणि थंडी असली तरी वरची खिडकी थोडी उघडी ठेवा. नाहीतर श्वासातली वाफ आतून थेंब होऊन बॅगेवर पडते. आपल्या पठारावर काळा दगड किंवा कडक मुरूम असतो, खुंट्या अर्ध्यातच वाकतात. म्हणून खुंटीशिवाय उभा राहणारा टेंट घ्या आणि दोऱ्या दगडांना बांधायला दोन-दोन हात जास्त दोरी ठेवा. आत शेगडी, कोळसे, स्टोव्ह काहीही पेटवू नका. त्यातून निघणारा विषारी वायू (कार्बन मोनॉक्साइड) दिसत नाही, त्याचा वासही येत नाही आणि झोपेतच माणूस जातो.

गॅसचा लांबट डबा बहुतेक वेळा ब्युटेनचा असतो. ब्युटेन उणे अर्ध्या अंशाला वायू व्हायचं थांबतं. आपल्याकडे पहाटे आच मंद वाटली तर डबा थोडा वेळ जॅकेटमध्ये ठेवा. बर्फात आयसोब्युटेन-प्रोपेनचं मिश्रण न्या. झोपताना स्टीलच्या बाटलीत गरम पाणी भरा, झाकण घट्ट लावा, मोज्यात घालून पायाशी ठेवा. पोटात बाजरीची भाकरी आणि वर शेंगदाणे-गूळ गेला की रात्रभर अंगात ऊब राहते.

निघायच्या आठवडाभर आधी एक रात्र गच्चीवर किंवा माळवदावर याच सगळ्या सामानात झोपा. काँक्रीटची गच्ची पहाटे चांगलीच गार होते. पाठ गार पडली तर मॅट वाढवा, खांदे गारठले तर चेन आणि गळ्याची दोरी बघा, पाय गारठले तर मोजे बदला. अर्ध्या रात्री उठून घरात जावं लागलं तरी काही बिघडत नाही, तेवढ्यासाठीच ती रात्र आहे.

परत आल्यावर बॅग सावलीत वाळवा. तिच्या बारीक पिशवीत कोंबून वर्षभर ठेवू नका, भरण दबून जातं. जुन्या सुती लुगड्याचा दोन मीटर तुकडा घ्या, मधे घडी घाला, दोन बाजू शिवा, तोंडाला नाडी ओवा. त्या खोळीत बॅग सैल भरा आणि कपाटात वरच्या फळीवर ठेवा.