घर विकून भाड्याने राहावे का? ज्येष्ठांनी आधी करावयाचा हिशेब

पुण्यात किंवा डोंबिवलीत चाळीस वर्षांपूर्वी बांधलेल्या, लिफ्ट नसलेल्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या सत्तरीतल्या जोडप्याला आज ना उद्या कोणीतरी सुचवतेच की घर विकून टाका, पैसे बँकेत ठेवा आणि व्याजातून भाडे भरून निवांत राहा. मुले परगावी आहेत, जिना चढवत नाही, पेन्शन तुटपुंजी आहे आणि आयुष्यभराची बचत त्या दोन खोल्यांच्या भिंतींत अडकलेली आहे, अशा स्थितीत हा सल्ला रास्त वाटतो आणि काही घरांच्या बाबतीत तो खरोखर योग्यही असतो. मात्र सल्ला देणारा बहुधा पहिल्या वर्षाचाच हिशेब मांडतो आणि भाड्याने राहायचे असते वीस-पंचवीस वर्षे.

म्हणून पहिले काम वही-पेन्सिल घेऊन बसण्याचे. समजा, घर १ कोटी रुपयांना विकले आणि कर, दलाली, सामान हलवण्याचा खर्च व नव्या घराची अनामत वजा जाता हातात ८६ लाख उरले. साठी ओलांडलेल्या पती-पत्नीला ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत प्रत्येकी ३० लाख ठेवता येतात. ८.२ टक्के दराने त्या ६० लाखांचे महिन्याला ४१,००० रुपये होतात. उरलेले २६ लाख साडेसहा टक्क्यांनी मुदतठेवीत ठेवले तर आणखी सुमारे १४,००० येतात, म्हणजे एकूण ५५,०००. भाडे २५,००० धरले तर ३०,००० हातात राहतात आणि चित्र छान दिसते. आता तेच भाडे वर्षाला ७ टक्क्यांनी वाढवत न्या. दहा वर्षांनी ते ४९,००० च्या पुढे गेलेले असेल, व्याज मात्र तेवढेच असेल आणि किराणा, औषधे व कामवाल्या बाईंचा पगार यांसाठी महिन्याला सहा हजारही उरणार नाहीत. स्वतःच्या घरात राहणाऱ्याला महागाईचा हा सर्वांत मोठा घाव लागत नाही, हे घर विकेपर्यंत सहसा लक्षातच येत नाही.

यावर उपाय आहे, पण तो शिस्तीचा आहे. सुरुवातीच्या वर्षांत उरणारे सगळे व्याज खर्च न करता त्यातला निम्मा भाग पुन्हा ठेवीत घालावा लागतो, आणि पुढे मुद्दलाला हात लावावा लागणार हे आधीच मान्य करावे लागते. ज्यांना मागे काही ठेवायचे नाही, त्यांनी मुद्दल वापरण्यात गैर काहीच नाही. वय ६२ आहे की ८०, यावर इथे फार काही अवलंबून आहे. ऐंशीव्या वर्षी जे गणित जमते, ते बासष्टीत कोलमडू शकते. ठेवी ठेवताना एका बँकेत एका ठेवीदाराला मुद्दल व व्याज मिळून ५ लाखांपर्यंतच विमासंरक्षण असते, हेही ध्यानात घ्यावे आणि अर्धा-एक टक्का जास्त व्याजासाठी सगळी रक्कम एकाच लहान बँकेत कधीही ठेवू नये.

कराबाबत गैरसमज फार आहेत. १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर नव्या करप्रणालीत कर लागत नाही हे ऐकून अनेक जण निर्धास्त होतात, परंतु ती सवलत घरविक्रीच्या भांडवली नफ्यावरील कराला लागू होत नाही. २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेल्या घरासाठी भारतात निवासी असलेल्या व्यक्तीला दोन पद्धतींपैकी कमी कराची पद्धत धरता येते: महागाई निर्देशांक न लावता (म्हणजे खरेदी किंमत महागाईनुसार न वाढवता) साडेबारा टक्के, किंवा निर्देशांक लावून वीस टक्के. घर १ एप्रिल २००१ पूर्वी घेतले असेल तर मूळ खरेदी किमतीऐवजी त्या दिवशीचे बाजारमूल्य धरता येते, फक्त ते तेव्हाच्या सरकारी मूल्यांकनापेक्षा जास्त चालत नाही. यासाठी नोंदणीकृत मूल्यांकनकाराचा अहवाल जरूर घ्यावा. २००१ चे मूल्य १२ लाख ठरले आणि २०२५-२६ मध्ये घर १ कोटीला विकले, तर दोन्ही पद्धतींनी उपकर धरून, पण अधिभार वगळता, कर साडेअकरा लाखांच्या आसपास येतो. सहा महिन्यांच्या आत नफ्यातले ५० लाखांपर्यंत ठरावीक सरकारी कंपन्यांच्या करबचत रोख्यांत घातले तर तेवढ्या नफ्यावर कर लागत नाही, पण ते पैसे पाच वर्षे अडकतात आणि व्याजही मुदतठेवीपेक्षा कमी मिळते. दोन वर्षांत दुसरे घर विकत घेतल्यास सवलत याहून मोठी असते, आणि म्हणूनच मोठे घर विकून लिफ्टच्या इमारतीत लहान घर घेणे हा मार्ग भाड्याच्या आधी तपासावा, असे माझे ठाम मत आहे.

हे मत बनले ते माझ्या मावशीमुळे. तिने आणि काकांनी घर विकण्याऐवजी ते अकरा महिन्यांसाठी भाड्याने दिले आणि आलेल्या भाड्यातून जवळच लिफ्ट असलेल्या इमारतीत भाड्याने जागा घेतली. सगळे सुरळीत चालले होते. नवव्या महिन्यात घरमालकाने सांगितले की मुलाचे लग्न ठरले आहे, तेव्हा मुदत संपल्यावर जागा लागेल. चौऱ्याहत्तराव्या वर्षी पुन्हा खोकी भरताना मावशी जी गप्प झाली, ते मी विसरू शकत नाही. पण परत जायला तिचे घर शिल्लक होते. पुढे त्यांनी ते विकले खरे, आणि त्या पैशांतून पहिल्या मजल्यावर एक बेडरूमचे घर घेतले. विकण्यापूर्वी असे एक वर्ष भाड्याने राहून पाहावे, एवढे एक जरी तुम्ही या लेखातून घेतले तरी पुरे आहे.

महाराष्ट्रात बहुतेक घरे लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे ठरावीक मुदतीपुरता राहण्याचा परवाना देणाऱ्या, करारावर मिळतात. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यानुसार हा करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, आणि मुदत संपल्यावरही जागा न सोडल्यास दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते. म्हणजे मुदतीनंतर तुमचा जागेवर कसलाही हक्क उरत नाही. अकरा महिन्यांचा करार हा केवळ प्रघात आहे. तीन वर्षांचा किंवा साठ महिन्यांपर्यंतचाही करता येतो आणि ज्येष्ठांनी तोच मागावा. दरवर्षीची भाडेवाढ टक्क्यांत लिहून घ्यावी. ठरावीक काळ घरमालकाला करार मोडता येणार नाही, पण आजारपणात तुम्हाला एक महिन्याच्या सूचनेने मोडता येईल, असे कलम घालून घ्यावे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे करारात पती-पत्नी दोघांचीही नावे असावीत. हा परवाना व्यक्तीला दिलेला असतो, त्यामुळे एकाच्या मृत्यूनंतर मागे राहिलेल्याला दुःखाच्या दिवसांत घरमालकाच्या मर्जीवर राहावे लागू नये.

विकायचेच ठरले तर कागदपत्रे सहा महिने आधी बाहेर काढावीत. घर दिवंगत पतीच्या नावावर असेल आणि पत्नी केवळ नॉमिनी असेल, तर तेवढ्याने ती मालक ठरत नाही. इतर वारसांची हक्कसोडपत्रे नोंदवून सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटवर तिचे नाव चढवावे लागते. सोसायटीत पुनर्विकासाची बोलणी सुरू असतील तर घाई करू नये, कारण त्या काळात विकासकाकडून भाडे मिळते, आणि लिफ्टसह नवे घर मिळण्याची शक्यता आज विकून गमावणे परवडणारे नसते. पैशांची अडचण आहे पण घर सोडायचे नाही, अशांनी बँकेत रिव्हर्स मॉर्गेजची चौकशी करावी. साठीनंतर घर तारण ठेवून ठरावीक रक्कम मिळत राहते, ती करपात्र नसते आणि दोघांपैकी एक जण जरी हयात असला तरी घरातच राहता येते. रक्कम मात्र जास्तीत जास्त वीस वर्षेच मिळते.

मुलांशी बोलणे यात कुठेतरी व्हायलाच हवे, आणि ते पैसे हाती येण्याआधी व्हावे. विक्रीची रक्कम मुलाच्या खात्यात ‘तात्पुरती’ ठेवू नये, ती पती-पत्नींच्या संयुक्त खात्यातच यावी. खरेदीखतावर सही करण्यापूर्वी भाड्याच्या घराचा करार नोंदवलेला असावा, आणि जुन्या घराचा ताबा देण्याच्या तारखेपूर्वी निदान पंधरा दिवस नव्या घराची किल्ली हातात असावी, म्हणजे गॅस, आधारवरील पत्ता, बँकेचे केवायसी आणि औषधांचे दुकान एवढे तरी शांतपणे लावून घेता येईल.