खान्देशच्या उन्हाळ्यात व्हिटॅमिन सी सीरम कसे वापरावे

जळगाव-भुसावळ पट्ट्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा कित्येकदा 45 अंशांच्या घरात जातो. अशा हवेत व्हिटॅमिन सी सीरम, म्हणजे डाग फिके करण्यासाठी चेहऱ्याला लावायचे पातळ द्रव, वापरायचे असल्यास ते कोणत्या कंपनीचे आहे यापेक्षा बाटली कुठे ठेवली आणि सीरमवर सनस्क्रीन लावले की नाही, यालाच अधिक महत्त्व आहे.

खरेदी करताना प्रथम लेबल वाचावे. ‘एल-अ‍ॅस्कॉर्बिक अ‍ॅसिड’ हे या जीवनसत्त्वाचे मूळ रूप असून त्याचे प्रमाण 10 ते 20 टक्के असले की पुरते. 20 टक्क्यांच्या पुढे त्वचेत ते अधिक मुरत नाही, उलट जळजळ मात्र वाढू शकते. नवख्यांनी 10 टक्क्यांपासूनच सुरुवात करावी. त्वचा नाजूक असेल तर सोडियम अ‍ॅस्कॉर्बिल फॉस्फेटसारखे सौम्य रूप निवडावे, मात्र त्याचा परिणाम काहीसा सावकाश दिसतो. व्हिटॅमिन ई आणि फेरुलिक अ‍ॅसिड सोबत असल्यास सीरम अधिक टिकते.

बाटली गडद काचेची, शक्यतो 15 मिलीचीच घ्यावी, कारण उजेड, हवा आणि उष्णता लागली की, कापून ठेवलेले केळे काळे पडावे तसे, हे द्रव्य ऑक्सिडीकरणाने पालटते. भर मे महिन्यात कुरिअरने मागवण्यापेक्षा एखाद्या थंडगार मेडिकलमधून घेतलेले बरे. घरी आणल्यावर एक थेंब पांढऱ्या बशीत टाकून पाहावा. पाण्यासारखा किंवा फिकट पिवळसर असेल तर ठीक. तपकिरी झालेले सीरम कितीही महाग असले तरी टाकून द्यावे. बाटली फ्रिजच्या दारात ठेवावी आणि उघडल्यापासून साधारण तीन महिन्यांत संपवावी. पत्र्याच्या घरातील खिडकीशेजारचे कपाट ही तिच्यासाठी सर्वांत वाईट जागा होय.

चेहऱ्याला लावण्याआधी कानामागे थोडेसे लावून दोन दिवस वाट पाहावी. लालसर चट्टे अथवा सतत खाज आल्यास वापरू नये. काहीच त्रास न झाल्यास सुरुवातीला एक दिवसाआड वापरावे: सकाळी सौम्य फेसवॉशने चेहरा धुऊन पूर्ण कोरडा करावा, तीन-चार थेंब तळहातावर घेऊन डोळ्यांभोवतीचा भाग सोडून हलक्या हाताने चेहऱ्यावर व मानेवर पसरावेत, दोन-तीन मिनिटे मुरू द्यावे, मग मॉइश्चरायझर आणि शेवटी किमान एसपीएफ 30 चे सनस्क्रीन लावावे. सनस्क्रीनचे प्रमाण चेहरा व मान मिळून दोन बोटांवर काढलेल्या दोन रेघांइतके असावे. बहुतेक जण याच्या निम्मेही लावत नाहीत. शेतात, बाजारात किंवा दुचाकीवर जाताना तोंडाला रुमाल बांधला तरी सनस्क्रीन टाळू नये, आणि घामाने ते वाहून जाते म्हणून दर दोन तासांनी पुन्हा लावावे. सीरम अतिनील किरणांचे दुष्परिणाम कमी करण्यास मदत करते, परंतु ते सनस्क्रीनची जागा घेऊ शकत नाही.

रेटिनॉल (त्वचेला लावायचे व्हिटॅमिन ए चे रूप) वापरत असाल तर ते रात्रीसाठी राखून ठेवावे. मुरुमांवरील बेन्झॉईल पेरॉक्साइड हे औषधही सीरमसोबत लावू नये.

फरक दिसायला दोन ते तीन महिने लागतात. मुरुमांचे काळसर डाग त्यामानाने लवकर फिके होतात, वांग मात्र चिवट असतात आणि त्यासाठी त्वचारोगतज्ज्ञांकडेच जावे. सीरम महाग पडते म्हणून चेहऱ्यावर लिंबू चोळण्याचा सल्ला घरोघरी दिला जातो. तो मुळीच मानू नये, कारण कागदी लिंबाचा रस लागलेल्या त्वचेवर ऊन पडल्यास भाजल्यासारखे फोड येऊ शकतात आणि त्यांचे काळे डाग महिनोन्महिने जात नाहीत.